मोरीपलीकडील कर्तव्य

घरांतील मोरीचें पाणी पुढें कोठें जातें, हा प्रश्न सुशिक्षित गृहस्थास सहसा पडत नाहीं. मोरी तुंबली म्हणजे तो कासावीस होतो. ती वाहूं लागली कीं आपलें कर्तव्य संपलें असें मानतो. आमच्या मतें नीतिशास्त्राचा एक कठीण प्रश्न नेमका तेथेंच सुरू होतो. जे आमच्या दृष्टीआड राहतात, किंवा जे अद्यापि जन्मासच आले नाहींत, त्यांचें आम्ही कांहीं देणें लागतों काय?

या बाबतींत लंडन शहराचा इतिहास बोधप्रद आहे. पटकीच्या सांथींनीं तेथील हजारों माणसें वारंवार दगावत होतीं. पण खरी हालचाल झाली ती १८५८ च्या उन्हाळ्यांत, जेव्हां थेम्स नदीची दुर्गंधी तीरावरील पार्लमेंटच्या मंदिरांत शिरली. मग मात्र कांहीं आठवड्यांतच कायदा संमत झाला. गरिबांच्या मरणानें जें काम लांबणीवर पडलें होतें, तें कायदे करणारांच्या नाकापर्यंत येतांच मार्गीं लागलें, हें मनुष्यस्वभावास फारसें भूषणावह नाहीं.

बॅझलगेट या स्थापत्यविशारदानें ८२ मैल लांबीचीं मुख्य भुयारी गटारें बांधलीं. त्याचें थोरपण आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु तो सर्व मैला शुद्ध न करितां शहराच्या पूर्वेस नदींतच सोडला जात असे. १८७८ सालीं त्या मुखांजवळच 'प्रिन्सेस ॲलिस' ही आगबोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें मेलीं; तीं ज्या पाण्यांत पडलीं त्यांत थोड्याच वेळापूर्वीं मैला सोडलेला होता. घाण दूर लोटणें म्हणजे तिचा निकाल लावणें नव्हे, हें त्या प्रसंगानें उघड झालें. पुढें १८८७ पासून गाळ वेगळा काढून जहाजांनीं समुद्रांत टाकूं लागले, आणि तो प्रकार १९९८ पर्यंत चालला. म्हणजे 'पलीकडची बाजू' आणखी थोडी दूर गेली, एवढेंच! शिवाय पावसाचें व मैल्याचें पाणी एकाच गटारांतून नेलेलें असल्यानें, शहर वाढल्यावर थोड्या पावसानेंही मैला थेम्स नदींत सांडूं लागला. त्यास आळा घालण्यासाठीं बांधलेलें २५ किलोमीटरचें नवें भुयार २०२५ सालीं पूर्णपणें जोडलें गेलें.

यावर व्यवहारी वाचक म्हणेल, "तीस वर्षांनंतरचें शहर कोणीं पाहिलें आहे? आजच शाळा-दवाखान्यांस पैसा पुरत नाहीं. मग न जन्मलेल्या नागरिकासाठीं आजच्या करदात्यानें कां झिजावें?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. केवळ मोठें गटार बांधणें ही दूरदृष्टि नव्हेच. प्रवाहाचा वेग सेकंदास सुमारें ०.६ मीटरच्या खालीं गेला कीं गाळ तळाशीं बसूं लागतो. तेव्हां नातवंडांच्या हिशेबानें अवाढव्य नळ घालावा, तर तो आपल्याच हयातींत तुंबावयाचा. आपल्या देशांतील रूढ रीतिही गटारांची योजना तीस वर्षांची, पण पंपादि यंत्रांची पंधराच वर्षांची करावी, अशी आहे. अति उदार पूर्वजही वंशजांस अडचणींत घालूं शकतो.

मग पुढील पिढीचें देणें तें कोणतें? आमच्या मतें तें तयार उत्तर नसून मोकळी जागा होय. शुद्धीकरण केंद्रासाठीं राखलेली जमीन विकूं नये. ओढ्यानाल्यांच्या कांठांवर इमारती उठवूं नयेत. केंद्र टप्प्याटप्प्यानें वाढवितां यावें अशी आंखणी असावी. आणि यंत्रें उभारण्याच्या खर्चाइतकाच तीं चालविण्याचा खर्चही आपला समजून द्यावा. भविष्य जाणणें आमच्या हातीं नाहीं. त्याचा मार्ग न अडविणें मात्र हातीं आहे. आपल्या शास्त्रकारांनीं पितृऋण सांगितलें. पण तें फिटतें संततीच्या योगानें, म्हणजे ज्यांच्याकडून घेतलें त्यांना परत देऊन नव्हे, तर पुढें येणारांस देऊन. याहून सुंदर असें दीर्घकालीन नियोजनाचें सूत्र आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां आपल्या पुण्याकडे वळूं. येथें २०१६ सालीं जपानी कर्जाच्या साहाय्यानें अकरा शुद्धीकरण केंद्रांची योजना मंजूर झाली. त्यांची मिळून क्षमता दिवसास ३९६ दशलक्ष लिटर. पण शहर योजनेसाठीं थांबत नाहीं. २०१७ व २०२१ या दोन सालीं मिळून चौतीस गांवें महापालिकेच्या हद्दींत घेतलीं गेलीं. आंकडे कागदावर वाळतात न वाळतात तोंच गांव पुढें सरकलेलें असतें. म्हणूनच जागा राखण्याचें महत्त्व.

आणि येथेंही 'पलीकडची बाजू' आहेच. आपलें मैलापाणी मुळामुठेंतून भीमेस, भीमेंतून उजनीच्या जलाशयास मिळतें. तें पाणी सोलापूर पितें. तीच भीमा पुढें पंढरपुरास चंद्रभागा म्हणून वंदिली जाते. आषाढाच्या तोंडावर पुणें पालख्यांचें प्रेमानें स्वागत करितें, वारकऱ्यांस जेवूं घालतें, त्यांचे पाय चेपतें. ते पायीं चालत पंढरीस जातात व चंद्रभागेंत स्नान करितात. ताटांत वाढलेल्या अन्नानें पाहुण्याचा जो मान राखला, तो नदींत सोडलेल्या पाण्यानेंही राखला जातो कीं नाहीं, हें प्रत्येक पुणेकरानें आपल्या मोरीपाशीं उभें राहून एकदां स्वतःस विचारावें.