फोटो कुणाचा?

मराठीतली षष्ठी विभक्ती ही मोठी लबाड गोष्ट आहे. 'हा माझा फोटो' असं कुणी म्हणालं, तर तो गृहस्थ फोटोच्या आत आहे की मागे आहे, याचा काही पत्ता लागत नाही. टक्कल पडलेला माणूस पाळण्यातल्या गुटगुटीत बाळाचा फोटो दाखवून 'हा माझा' म्हणतो, तेव्हा तो त्याचा काढलेला असतो की त्यानं काढलेला असतो? शाळेत आम्हांला चा-ची-चे पाठ करायला लावलं, आणि पुढचं निस्तरायला आयुष्यावर सोडून दिलं. आमच्या धाराशिवच्या फोटोग्राफी मंडळात गेल्या वर्षी जी वादावादी झाली, ती या 'चा'वरूनच झाली.

मंडळाला नाव नाही. नाव ठेवण्यासाठी म्हणून तीन सभा भरल्या, सव्वीस नावं सुचली, एकमत एकावरही झालं नाही. गावानं मात्र आम्हांला भरपूर नावं ठेवली. एकंदर अकरा सभासद. त्यात शाळेतले ड्रॉइंगचे सर आहेत, मेडिकलवाले आहेत, एसटीतले कंडक्टर आहेत, निवृत्त तलाठी आहेत, आणि आयुष्य लाल दिव्याच्या खोलीत घालवलेले स्टुडिओवाले काका आहेत. मी बँकेत कारकून, शिवाय बी.कॉम., म्हणून मला खजिनदार केलं. पैसे मोजणाऱ्यालाच पैसे सांभाळता येतात, असा लोकांचा समज असतो. हाच न्याय लावला, तर तुरुंगाच्या शिपायाला गृहमंत्री करावं लागेल.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही कुठं तरी जातो. पावसाळ्यात नळदुर्गला. तिथं बोरी नदीवरच्या बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि पर्यटक त्यांच्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतात. उन्हाळ्यात धाराशिवच्या लेण्यांत, कारण तिथं सावली आहे. कुठंच जायला जमलं नाही, तर गावाबाहेर शेळ्यांचे फोटो काढतो. आमची शेळी साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. २०२३ साली गावाचं नाव धाराशिव झालं, पण शेळी अजून उस्मानाबादीच आहे. ती फोटोला उभी राहते ती माणसापेक्षा बरी. हसायला सांगावं लागत नाही, आणि फोटो पाहून 'मी अशी दिसते का' म्हणत नाही.

संध्याकाळी मेडिकलच्या माडीवर बसून एकमेकांचे फोटो पाहायचे आणि चिरफाड करायची. मी बरंच शिकलो ते तिथंच. ॲपर्चरचा आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान, हे तलाठ्यांना दोन महिने कळेना. मला पहिल्या मिनिटाला कळलं. आमच्या बँकेतही पद जितकं मोठं, तितकं काम लहान असतं. बारा वाजताचं ऊन फोटोला वाईट, माणूस चौकटीच्या मधोमध ठेवू नये, भिंतीला टेकवून उभा करू नये, तो कॅमेऱ्याकडे पाहात नसेल तेव्हाच टिपावा, असे आमचे नियम आहेत. या शेवटच्या नियमानंच सगळा घोटाळा केला.

त्याचं असं झालं. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. लाखो माणसं येतात आणि चुनखडीचे खडे वेचतात. ते दृश्य असं असतं, की डोळे असलेल्या माणसानं कॅमेरा नसल्याबद्दल हळहळावं. ड्रॉइंगच्या सरांनी तिथं एका म्हातारीचा फोटो टिपला. वाऱ्यानं पिंजारलेले पांढरे केस, तोंडावर सुरकुत्यांचं जाळं, आणि पुढं धरलेल्या हातात एक खडा. काळापांढरा फोटो. सरांनी तो एका मोठ्या शहरातल्या स्पर्धेला पाठवला. पहिला नंबर आला, पाच हजार रुपये मिळाले. फोटोला सरांनी नाव दिलं होतं 'श्रद्धा'. म्हातारीचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

सरांनी मोठ्या मनानं पाच हजार मंडळाला देऊ केले, आणि माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. हिशेबाचा पहिला धडा असा की घेणाऱ्याच्या नावे आणि देणाऱ्याच्या जमा. मी विचारलं, "सर, जमा कुणाच्या खात्यावर धरू? यात देणारा कोण?"

मी हे गमतीनं विचारलं होतं. पण आपल्याकडे गमतीनं विचारलेल्या प्रश्नावर जेवढं भांडण होतं, तेवढं गंभीर प्रश्नावर होत नाही.

"देणारा मी!" सर म्हणाले. "पहाटे चारला उठलो. धुळीत पालथा पडलो. कॅमेऱ्याचे हप्ते मी भरतो."

"पण चेहरा?" मेडिकलवाले म्हणाले. "सत्तर वर्षांचं ऊन खाऊन झालेला चेहरा आहे तो. तुम्ही बटण दाबलंत एका सेकंदाच्या पाचशेव्या भागात."

कंडक्टर म्हणाले, "सर, तुम्ही बाईला विनातिकीट घेऊन आलाव की ओ."

मग कायदा निघाला. १९५७ चा कॉपीराइट कायदा मला कामापुरता माहीत आहे, आणि तो वाचून माझी झोप उडाली आहे. फोटो ज्यानं काढला त्याचा, हा साधारण नियम. पण मोबदला देऊन कुणाकडून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा काही करार नसेल, तर पहिला मालक तो काढून घेणारा. म्हणजे स्टुडिओत पैसे टाकून कॉलरचं बटण लावून बसलात, तर फोटो तुमचा. यात्रेत कुणी फुकट टिपला, तर तो त्याचा. ज्यानं चेहऱ्याचे पैसे मोजले त्याचा चेहरा त्याच्याकडे राहतो आणि ज्यानं तो तसाच दिला त्याचा जातो. एरवी आमच्या बँकेत स्वतःच्याच खात्यातले दोनशे रुपये काढायचे तर सही जुळावी लागते. इथं आख्खा माणूस काढून नेला, तरी विथड्रॉवल स्लिप नाही.

सर म्हणाले, "असं प्रत्येकाला विचारत बसलं, तर जगातला एकही चांगला फोटो निघाला नसता." हे मात्र खोटं नाही. विचारलं की माणूस सावध होतो, केसांवरून हात फिरवतो, आणि जे टिपायचं असतं ते निघून जातं. सरांनी मग अमेरिकेचा दाखला दिला. तिथं मंदीच्या काळात, १९३६ साली, कॅलिफोर्नियात निपोमो नावाच्या ठिकाणी डोरोथिया लँग या बाईंनी वाटाण्याच्या मळ्यावरच्या एका मजूर आईचा फोटो काढला. आई बत्तीस वर्षांची, अंगाला बिलगलेली पोरं, नजर लांब कुठं तरी. तुम्हीही तो कधी ना कधी पाहिलेला असेल. तो छापून आला आणि सरकारनं त्या तळावर वीस हजार पौंड, म्हणजे आपले नऊ हजार किलो, धान्यधुन्य धाडलं. उपाशी माणसांच्या पोटात अन्न पडलं ते एका फोटोनं. सर म्हणाले, "आता बोला!"

बोलायला होतं. कारण गोष्ट तिथं संपत नाही. धान्य पोचलं तेव्हा ती बाई पोरं घेऊन पुढं निघून गेलेली होती. फोटो जगभर गेला, बाईचं नाव मात्र १९७८ साली कळलं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. तिचं म्हणणं असं होतं, की हा फोटो काढलाच नसता तर बरं. त्यातून एक पैसा मिळाला नाही, काढणारीनं नाव विचारलं नाही, आणि एक प्रत पाठवते म्हणाली होती ती पाठवली नाही. माझं लक्ष त्या प्रतीवर अडकलं. बेचाळीस वर्षं उलटून गेल्यावर बाईनं ज्या तक्रारी लक्षात ठेवल्या, त्यांत एक साधा कागद होता.

आम्ही मराठवाड्याची माणसं. कॅमेऱ्याच्या पुढं असणं म्हणजे काय, हे आम्हांला शिकवायला नको. पाऊस दडी मारतो त्या वर्षी आमच्याकडे पाण्याआधी फोटोग्राफर येतात. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीनं पाणी आलं, तेव्हा कॅमेऱ्यांना तोटा नव्हता. भेगाळलेली जमीन आणि तिच्यावर आकाशाकडे पाहणारा शेतकरी, हा आमच्या भागाचा पासपोर्ट साइज फोटो आहे. (काळी माती सुकली की चिरते. चांगल्या पावसाच्या वर्षीही मे महिन्यात चिरते. पण हे सांगितलं तर फोटो पडतो.) त्या शेतकऱ्याला कोणी आकाशाकडे पाहायला सांगितलं, ते तो घरी गेल्यावर बायकोला सांगतच असेल.

एवढा वेळ स्टुडिओवाले काका गप्प होते. ते मंडळात फार कमी बोलतात. डिजिटल कॅमेऱ्याला त्यांनी अजून माफ केलेलं नाही. ते म्हणाले, "भूकंपाच्या साली माझा स्टुडिओ उमरग्याकडं होता."

३० सप्टेंबर १९९३. विसर्जनाची रात्र उलटून पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूरचा तो सगळा पट्टा दगडमातीच्या घरांखाली गेला. हजारो माणसं गेली. मी तेव्हा शाळेत होतो. धाराशिवला आम्ही भांडी पडल्याच्या आवाजानं उठलो होतो.

काका सांगत होते, "महिना-दोन महिन्यांनी माणसं यायला लागली. घरातले फोटो ढिगाऱ्यात गेलेले. कुणी म्हणे, लग्नाचा तुमच्याकडंच काढला होता बघा. कुणाला साल आठवायचं नाही, नुसतं म्हणायचे, त्या वर्षी ज्वारी लई झाली होती. माझ्याकडं निगेटिव्हा बिस्किटाच्या डब्यांत ठेवलेल्या. रोज रात्री दिव्यापुढं धरून बघायचो. निगेटिव्हमध्ये माणूस वळखत न्हाई हो लवकर, केस पांढरे नि तोंड काळं. एक जण आला. पोरीचा शाळेत नाव घालताना काढला होता, म्हणाला. सापडला. प्रिंट करून दिला. पैसे विचारत होता. आता तुम्ही एवढा कायदा बोललाव. निगेटिव्ह माझी, पैसे त्यानं पहिल्यांदाच दिले होते म्हणून फोटो त्याचा. पण मला त्या दिवशी वाटलं, ह्यो फोटो त्या पोरीचाच हाय. आपण नुसतं सांभाळायला बसलाव."

बँकेत याला सेफ कस्टडी म्हणतात. त्याची पावती देतात आणि मालक आला की वस्तू परत करतात.

मंडळानं ठराव केला, की 'श्रद्धे'ची प्रत म्हातारीला नेऊन द्यायची. लाखाच्या यात्रेत पाहिलेली बाई शोधायची कशी? हे काम कंडक्टरांनी केलं. मोबाइलवर फोटो घेऊन रोज आपल्या गाडीत तिकिटाबरोबर दाखवत गेले. अकराव्या दिवशी कळंबकडच्या दोन बायकांनी ओळखलं. तोंडावरून नव्हे, अंगठ्यावरून. "आंगठा बगा की, शेंडा कडबाकुट्टीत गेलेला." आम्ही फोटो घेऊन परत पाहिला. खरंच, खडा धरलेल्या अंगठ्याला टोक नव्हतं. ते परीक्षकांनी पाहिलं नव्हतं, आम्ही नव्हतं, आणि पालथं पडून फोटो काढणाऱ्या सरांनीही नव्हतं.

मोठी फ्रेम करून आम्ही चौघं गेलो. आजी अंगणात तुरी पाखडत होत्या. फ्रेम हातात घेऊन त्यांनी लांब धरली, जवळ धरली.

"ही कोण?"

"तुम्हीच की आजी."

"आगं बया! आन् रंग कुटं गेला? पैसं कमी पडलं का?"

सर काळ्यापांढऱ्याचं सौंदर्य समजावून सांगायला लागले. आजींचं लक्ष नव्हतं. त्या फोटोतल्या डोक्यावरून बोट फिरवत होत्या.

"पदर कुटं हाय माजा?"

वाऱ्यानं पदर मागं गेला होता. पिंजारलेल्या त्याच केसांचं परीक्षकांनी दोन ओळी कौतुक केलं होतं.

"लई लोकानी बगितला का?"

"हो ऽ, हजारो..." सर उत्साहानं म्हणाले, आणि 'हजारो'तला शेवटचा 'रो' त्यांच्या तोंडातच राहिला. आजींनी फ्रेम पालथी करून सुपाशेजारी ठेवली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सरांनी खिशातून अडीच हजार काढले. आजींनी ते मोजून घेतले, दोनदा, आणि कनवटीला लावले. मग म्हणाल्या, "आता आलाव तर एक नीट काढा. म्या गेल्यावर भितीला लावाया एक बी न्हाई." आत जाऊन हिरवं लुगडं नेसून आल्या, पदर घट्ट कपाळापर्यंत. सुनेला आणि नातवाला बोलावलं. शेळीही आणली. बारा वाजून गेले होते. निळीच्या भिंतीला टेकून, चौकटीच्या बरोब्बर मधोमध, कॅमेऱ्याकडे डोळे वटारून सगळे उभे राहिले. आमचा एकही नियम शिल्लक राहिला नाही. सर हूं की चूं न करता उभ्यानं फोटो काढत होते. आजी सांगतील तसा, तीनदा.

निघताना आजींनी कनवटीतून पन्नासची नोट काढून सरांपुढं धरली. सर नको नको म्हणायला लागले.

"घ्या. फुकटाचा नको मला."

मी सरांच्या कानात म्हणालो, घ्या मुकाट्यानं, हा मोबदला आहे. आणि खजिनदार या नात्यानं तिथंच ओट्यावर बसून पावती फाडली. नाव विचारलं. आजींनी आधी स्वतःचं सांगितलं, मग मालकांचं, मग आडनाव, मग गाव, मग माहेरचं गाव. पावतीच्या ओळीत ते मावेना, म्हणून मी उरलेलं पाठीमागं लिहिलं.