चंचलाचे चित्र

चित्रकलेच्या विद्यार्थ्यांत प्राणी रेखाटण्याचा एक अभ्यास रूढ आहे. घड्याळ समोर ठेवावयाचे, अर्ध्या मिनिटाची, एका मिनिटाची, फार तर पाच मिनिटांची मुदत घालून घ्यावयाची आणि तेवढ्या अवधीत समोरच्या जनावराचे जे हाती लागेल ते कागदावर उतरवून पान उलटावयाचे. एका बैठकीत अशी वीस-पंचवीस पाने भरतात आणि त्यांतले एकही चौकटीत बसवून भिंतीवर लावण्याजोगे नसते. कोणतेही काम सावकाश व मन लावून करावे, हे ज्यांच्या मनावर लहानपणापासून बिंबले आहे, त्यांना हा प्रकार उतावळ्या नवऱ्याने गुडघ्याला बाशिंग बांधावे तसा वाटतो. आमचे मत तसे नाही. परंतु याने हात मोकळा होतो व कामाला वेग येतो, असे जे त्याच्या बाजूने सामान्यतः सांगितले जाते, तेही आम्हांस पुरेसे वाटत नाही. हाताआधी येथे डोळ्यांचा प्रश्न आहे. आणि पाहण्याचा प्रश्न निघाला, की दुसऱ्या जिवाशी आपण कसे वागतो हेही त्यात आलेच.

घोड्याचेच उदाहरण घेऊ. फ्रेंच चित्रकार जेरिको याने १८२१ साली एप्सम येथील शर्यतीचे चित्र काढले. त्यातील घोड्यांचे पुढचे पाय पुढे व मागचे पाय मागे ताणलेले असून चारही जमिनीपासून सुटलेले आहेत. दौडत्या घोड्याचे हे रूप त्या काळी सर्वमान्य होते. पुढे १८७८ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे मायब्रिज याने ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी धावत्या घोडीची छायाचित्रे घेतली, तेव्हा निराळेच दिसून आले. चारही पाय अधांतरी असतात खरे, पण ते पोटाखाली आखडलेले असतात तेव्हा! जुने रूप ज्यांनी मान्य केले, ती माणसे घोड्यांना अपरिचित नव्हती. त्यांच्या रस्त्यांत, शेतांत, रणांगणावर घोडेच घोडे होते आणि पाहावयास वेळ उदंड होता. धावते पाय डोळ्यांना टिपता येत नाहीत, हे कबूल. पण मग जे दिसत नाही ते इतक्या निःशंकपणे का काढावे? याचे कारण असे, की घोडा दृष्टीस पडताच मन आपल्याजवळचा तयार घोडा पुढे करते आणि खऱ्याला रजा देते. सवड जितकी अधिक, तितका हा मनातला घोडा सजविण्यास अवसर अधिक.

मुदत उपयोगी पडते ती या ठिकाणी. अर्ध्या मिनिटात मिशा, डोळे, अंगावरचे पट्टे यांना जागाच नसते. मस्तकापासून कण्यावरून शेपटीपर्यंत गेलेली एक रेघ, अंगाचा भार कोणत्या पायावर आहे तो, खांदा व कंबर यांचा कल, एवढेच साधते; आणि एवढे साधण्यासाठी कागदाकडे कमी व जनावराकडे अधिक पाहावे लागते. मांजर दबकत चालले म्हणजे त्याच्या खांद्याची हाडे पाळीपाळीने पाठीच्या वर उचलली जातात. घोड्याच्या मागच्या पायात उलटा वळलेला गुडघा म्हणून आपण जे दाखवितो ती त्याची टाच असते. खरा गुडघा वर पोटाशी असतो. या गोष्टी पुस्तकात वाचून कळतात, पण त्या पटतात पन्नास रेघा फसल्यावर.

याच्या उलट दुसरा मार्ग आहे, व तो क्षुद्र नव्हे. इंग्लंडात जॉर्ज स्टब्स याने लिंकनशायरमधील एका शेतघरात सुमारे दीड वर्ष राहून, मेलेले घोडे टांगून, एकेक थर सोलीत त्यांची चित्रे काढली आणि १७६६ साली घोड्याच्या शरीररचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने रंगविलेले जिवंत घोडे पाहिले म्हणजे हे श्रम वाया गेले असे कोणी म्हणणार नाही. हाडे ठाऊक नसलेल्याची जलद रेघ लवकरच नुसती ऐट होऊन बसते. एकच डौलदार वळण कुत्र्याला, हरणाला व घोड्याला सारखेच चालविले जाते. घाईची जी निंदा होते ती येथे यथार्थ आहे. तरीही स्टब्सच्या मार्गाने जे कळते ते थांबलेल्या देहाविषयी. तेथून केव्हा निघून जावे हे घोडा ठरवीत नाही. कुंपणावरचे मांजर मात्र ठरविते. त्याला आपल्या चित्राशी काही कर्तव्य नसते. आपली मुदत त्याच्या मर्जीने बेतावी लागते. मनुष्याला असे दुय्यम होण्याचे प्रसंग फार थोडे येतात, आणि यातच आम्हांस या अभ्यासाचे नैतिक मोल दिसते.

मात्र येथे एक अडचण आहे, आणि ती टाळता येत नाही. असा अभ्यास करणारे बहुधा प्राणिसंग्रहालयाची वाट धरतात. चित्रकार देलाक्रवा व शिल्पकार बारी हेही त्यासाठी पॅरिसच्या उद्यानातील पशुशाळेत जात असत. तेथे एक युक्ती चालते. चार-पाच कागद एकदम पुढे ठेवावे. वाघ वळला की दुसरा कागद घ्यावा, तो पुन्हा त्याच वळणावर आला की पहिला पुढे चालवावा. युक्ती उत्तम आहे. पण वाघ पुन्हा त्याच वळणावर का येतो? कोंडलेली जनावरे तीच येरझार तासन्‌तास घालीत राहतात, आणि प्राणिशास्त्रज्ञ ते त्यांच्या कोंडमाऱ्याचे लक्षण मानतात. विद्यार्थ्याला मिळालेल्या या सवलतीचे मोल वाघ भरीत असतो. म्हणून तेथे चित्रे काढूच नयेत असे आमचे म्हणणे नाही. आपण पाठ फिरविल्याने पिंजरा काही मोठा होत नाही. परंतु ती येरझार काढावयाची तर येरझार म्हणूनच काढावी. मागे रान व खाली गवत घालून शिकारीची चाल म्हणून ती खपवू नये.

ज्यांना ही सवलत नको वाटते त्यांच्यासाठी शेळ्या आहेत, कुत्री आहेत, गावोगावच्या म्हशी आहेत. नवशिक्याला म्हशीइतकी सवड दुसरे कोणी देत नाही. कावळा तीन सेकंदही देत नाही, आणि अर्धा राहिलेल्या कावळ्याला घरी येऊन आठवणीने पंख जोडण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. जोडावयाचेच तर ते दुसऱ्या कागदावर जोडावे. म्हणजे त्यात पाहिलेले किती आणि कल्पिलेले किती, हे दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही कागद शेजारी ठेवून आपले आपल्याला ताडून पाहता येते.