थोडंच राहिलंय

आपल्या दिग्रसच्या आसपास उंच डोंगर नाहीत. थंडीत डोंगर बघायचा तर फार तर चिखलदरा, आणि हौस दांडगी असेल तर रात्रभर प्रवास करून अहिल्यानगर जिल्ह्यातले कळसूबाई. उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. बारी गावातून वाट निघते, अवघड कातळांवर लोखंडी शिड्या आहेत, माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे. डिसेंबर-जानेवारीत नवरा-बायको, मित्र-मित्र असे दोघे-दोघेही जातात आणि रात्र तंबूत काढतात. मंगोलिया, किर्गिझस्तानकडच्या मेंढपाळांच्या गोल युर्टला लोकरीच्या जाड नमद्याची भिंत आणि मधोमध चूल असते; आपल्याकडच्या तंबूचे कापड पातळ, आणि जमिनीतून थंडी वर येते ती वेगळीच.

अशा वाटेवर एक वाक्य हमखास कानी पडते : "थोडंच राहिलंय." पुढे असलेला ते मागच्याला म्हणतो, तेव्हा बहुधा निम्मी वाट शिल्लक असते. मागचाही काही कमी नसतो. पाय भरून आलेले असताना तो म्हणतो, "मला काही झालं नाही, चला." दोघेही खोटे बोलतात आणि दोघेही प्रेमापोटी बोलतात. एकाला दुसऱ्याचा धीर खचू द्यायचा नसतो, दुसऱ्याला पहिल्याचा आनंद मोडायचा नसतो. असे खोटे बोलणे चूक आहे का?

आम्हांला वाटते, इथे घाईने 'निरुपद्रवी' असा शिक्का मारू नये. थंडीचेच पाहा. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली उतरू लागले की आधी हुडहुडी भरते, मग बोटे ऐकत नाहीत, जीभ जड होते, पाऊल अडखळते. आणखी उतरले की हुडहुडी थांबते, विचार मंदावतो, आणि नेमका तेव्हाच माणूस म्हणतो, "मी ठीक आहे." त्याला बर्फच लागते असे नाही, भिजलेले अंग आणि वारा पुरतो. म्हणजे ज्याच्यावर बेतले आहे त्याचाच शब्द अशा वेळी धरता येत नाही. सोबत दुसरा असतो तो केवळ गप्पांसाठी नव्हे. आपले आपल्याला दिसत नाही ते पाहण्यासाठी असतो. त्यालाच आपण खोटे सांगितले, तर दोघे असूनही डोंगरावर एकटेच झालो.

१९८५ साली पेरू देशातील सिऊला ग्रांदे या शिखरावरून जो सिम्पसन आणि सायमन येट्स हे दोन इंग्रज गिर्यारोहक उतरत होते. सिम्पसनचा पाय मोडला. येट्स त्याला दोराने टप्प्याटप्प्याने खाली सोडत राहिला. वादळात सिम्पसन एका कड्याखाली अधांतरी लटकला. येट्सला तो दिसेना, त्याचा आवाजही पोहोचेना. स्वतः येट्सही हळूहळू खेचला जाऊ लागला. शेवटी त्याने दोर कापला. सिम्पसन बर्फाच्या भेगेत पडला, तरी वाचला आणि कित्येक दिवस सरपटत तळावर आला. १९८८ साली त्याने यावर पुस्तक लिहिले आणि येट्सला दोष दिला नाही. दोर कापणे योग्य की अयोग्य, यावर लोक आजही वाद घालतात. आमचे लक्ष दुसरीकडे जाते. त्या दोघांमधले बोलणे वादळाने तोडले होते. आपल्या घरांत वादळ नसते, तरी ते तुटते.

यवतमाळ जिल्ह्यात राहून हे लिहिताना कर्जाचा विषय टाळता येत नाही. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले, त्यात आपला जिल्हाही होता. पण बँकेचे कर्ज निदान कागदावर दिसते. सावकाराचे, कृषी केंद्राच्या उधारीचे पुष्कळदा घरधनिणीलाही ठाऊक नसते. विचारले तर उत्तर तेच : थोडंच राहिलंय, या हंगामात कापूस बरा आला की फिटेल. किती घरांत तो आकडा बाईला नवरा गेल्यावरच कळला! गेलेल्या माणसाला आम्ही बोल लावत नाही. त्यानेही घरच्यांना घोर नको म्हणूनच लपवले असेल. पण ज्या ओझ्याखाली सारे घर चालणार, त्याचे वजन घरालाच न सांगणे म्हणजे 'इथून परत फिरू या' असे म्हणण्याचा तिचा हक्क काढून घेणे होय. ती कदाचित म्हणाली असती, एकर विकू, पण तुम्ही राहा.

अर्थात खरे बोलायला खरे ऐकणारा लागतो. "एवढ्यात दमलीस?" असे जो एकदा हसून म्हणाला, त्याला पुढच्या शिडीवर खरे उत्तर मिळत नाही. घरातही तसेच. आकडा ऐकताच जिथे आरडाओरड होते, टोमणे सुरू होतात, तिथे पुढच्या वेळी आकडा लहान करून सांगितला जातो. लपवणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याचीही झडती घ्यायला हवी, असे आम्हांला वाटते.

डोंगरातली जाणती माणसे थंडीत सोबत्याला नुसते "ठीक आहेस ना?" एवढे विचारून थांबत नाहीत. जाकिटाची गुंडी लावून दाखव म्हणतात, चार पावले सरळ रेषेत चाल म्हणतात. कापूस विकून पैसे हातात येण्याचे हे दिवस आहेत. घरी "सगळं ठीक ना?" असे विचारण्याऐवजी कोणाचे किती राहिले आणि कागद कुठे ठेवला आहे, हे विचारावे. आणि आकडा कानावर आला की लगेच उठून जाऊ नये, तिथेच बसून राहावे.