घरोघरच्या कॉलेजला खोली हवी

'ज्ञानगंगा घरोघरी' हे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे ब्रीद. १९८९ साली विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा घरोघरी जायची ती पाठ्यपुस्तके. आता व्याख्यान मोबाइलवर येते आणि स्वाध्यायही तिथूनच पाठवता येतो. गंगा खरोखरच उंबरठ्याच्या आत आली. घराने तिच्यासाठी जागा केली का, हे मात्र कुणी विचारत नाही. ऑनलाइन पदवी घेणाऱ्यांना सल्ला मिळतो तो एकच: स्वयंशिस्त ठेवा, वेळापत्रक करा. हा सल्ला अपुरा तर आहेच, मला तो अन्यायाचाही वाटतो. कॉलेजची इमारत जे काम गुपचूप करत होती, ते सगळे एकट्या मुलाच्या मनोनिग्रहावर टाकून आपण मोकळे होतो.

वेळापत्रकाचे म्हणाल, तर त्याची परीक्षा होऊन गेली आहे. हार्वर्ड, एमआयटी आणि स्टॅनफर्ड यांच्या सुमारे अडीचशे ऑनलाइन अभ्यासक्रमांत अडीच लाखांहून अधिक विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. अभ्यास केव्हा आणि कसा करणार, हे काही विद्यार्थ्यांकडून सुरुवातीलाच लिहून घेतले होते. पहिले काही आठवडे फरक दिसला. अभ्यासक्रम शेवटपर्यंत नेणाऱ्यांचे प्रमाण काही वाढले नाही. आपल्याकडे भिंतीवर चिकटवलेल्या वेळापत्रकाचे यापेक्षा वेगळे काय होते?

मग इमारत नेमके काय करत होती? महाराष्ट्राला हे फार पूर्वी कळले होते. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. शाळा होत्या, पण खेड्यातल्या पोराला तिथे टिकून राहायला छप्पर नव्हते. त्या छपराने ऊनपाऊस अडवला, तशी घरची कामेही अडवली. वसतिगृहातल्या मुलाला कुणी मध्येच उठवून गुरांमागे पाठवू शकत नव्हते. शिवाय शेजारच्या चटईवर दुसरा कुणी वाचत बसलेला असे.

आजचा पुरावा हवा असेल तर पुण्याच्या सदाशिव पेठेत चक्कर मारावी. स्पर्धा परीक्षेच्या कितीतरी मुलांची व्याख्याने मोबाइलवर असतात, नोट्स पीडीएफमध्ये असतात. म्हटले तर गावातल्या ओसरीवर बसूनही अभ्यास व्हावा. तरीही ही मुले महिन्याचे पैसे मोजून अभ्यासिकेत एक खुर्ची घेतात. ज्ञान फुकट मिळत असताना खुर्ची विकत घेणारी ही पोरे वेडी नाहीत. 'मी आत्ता कामात आहे' हे जगाला बोलून न दाखवता सांगण्याची सोय ती विकत घेत असतात.

घरी बसून शिकणाऱ्याला, आणि त्यातही शिकणारीला, हीच सोय नसते. कानात हेडफोन असला तरी ती 'घरीच' असते. सिलिंडरवाला आला की दार तिने उघडायचे, पाहुणे आले की चहा तिने टाकायचा, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचे तेही तिनेच, कारण 'तुझा क्लास काय, नंतरही बघता येतो.' हे 'नंतरही बघता येणे' हा ऑनलाइन शिक्षणाचा सगळ्यात मोठा गुण आणि तोच त्याचा घात. नंतर बघायच्या व्हिडिओंची थप्पी साचते, मग ते दुप्पट वेगाने पाहिले जातात आणि पाहून झाले म्हणजे शिकून झाले असे वाटू लागते.

ते तसे नसते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवले की, उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे असतात. आठवड्याने मात्र एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिणारे पुढे जातात. म्हणून व्हिडिओ संपला की तो बंद करून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहून काढणे, ही माझ्या मते ऑनलाइन विद्यार्थ्याची सर्वांत मोलाची दहा मिनिटे. कंटाळवाणी असतात, हे खरे. पण परीक्षेच्या खोलीत तेवढेच सोबत येते. आयआयटींचे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणाऱ्या एनपीटीईएलच्या प्रमाणपत्रात ७५ टक्के वजन केंद्रावर जाऊन देण्याच्या परीक्षेला असते, आणि मद्रास आयआयटीच्या ऑनलाइन बी.एस. पदवीच्या मुख्य परीक्षाही केंद्रावरच द्याव्या लागतात.

एनपीटीईएलचाच आणखी एक नियम मला शहाणपणाचा वाटतो. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात स्वाध्यायाचे गुण धरताना उत्तम आठच मोजतात. म्हणजे घरात लग्न निघेल, ताप येईल, वीज जाईल, हे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरले आहे. विद्यार्थी मात्र दोन आठवडे चुकले की 'आता काय उपयोग' म्हणून सोडून देतो. चुकलेले भरून काढण्याच्या नादी न लागता चालू आठवड्यापासून पुढे जावे. मागचे सुटीत बघता येते.

सोबतीचेही तसेच. त्याच अभ्यासक्रमाचा एक जण तालुक्यात सापडला आणि रविवारी तासभर एकमेकांना प्रश्न विचारले, तरी शेजारची चटई परत मिळते. शंभर जणांचा व्हॉट्सअॅप गट ते काम करत नाही. तिथे उत्तरे फिरतात, अभ्यास फिरत नाही.

खोली मात्र विद्यार्थ्याला एकट्याने उभी करता येणार नाही. महाराष्ट्रात गावोगावी सार्वजनिक ग्रंथालये आहेत, दुपारनंतर रिकामे पडणारे शाळांचे वर्ग आहेत. ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर असलेल्या वाचकांना माझी विनंती आहे: येत्या सभेत एक ठराव मांडा. चार टेबले, वायफाय, आणि बायकांना निर्धास्तपणे येता येईल अशी वेळ, एवढेच ठरवून घ्या आणि दारावर पाटी लावा.