दुःखाचा सोबती

संकटात सापडलेला मनुष्य पहिल्याने विचारतो तो 'का?' असे. परंतु त्याला खरोखर हवे असते ते उत्तर, की सोबत? हा प्रश्न आम्हांस अलीकडे वारंवार पडतो.

आमचा हा बेळगाव-निपाणीचा मुलूख मराठी, कानडी आणि कोकणी अशा तिन्ही भाषांचा. लंडन मिशनचे पाद्री बेळगावात आले ते १८२० साली. गोव्याकडून घाट चढून आलेली कोकणी ख्रिस्ती घरेही येथे पिढ्यानपिढ्या नांदत आहेत. कपिलेश्वराचे नाव घेणारे आणि येशूचे नाव घेणारे येथे शेजारधर्माने राहतात. त्यांच्या घरी मृत्यू झाला म्हणजे आपण समाचारास जातो, आणि क्रुसासमोर गुडघे टेकलेली ती माणसे रडता रडता शांत होतात, हे पाहतो. ती शांती कोठून येते, हे समजून घेण्यास आपला धर्म आड येत नाही.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. त्यांचा जन्म १८५८ सालचा, आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासह सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरले. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळाने आईवडील व बहीण नेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती. पुढच्याच वर्षी त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची ममतेने सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी तेथे पाहिल्या, आणि ते दृश्य त्यांच्या मनात रुजले. नव्या धर्मात त्यांचे दुःख संपले असे मात्र नाही. १९२१ साली एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरीही केडगावच्या मुक्तिसदनातले काम आणि बायबलाचे मराठी भाषांतर त्यांनी सोडले नाही. ते भाषांतर पुरे करूनच १९२२ च्या एप्रिलात त्यांनी देह ठेवला.

यावर कोणी म्हणेल, मनाला धीर आला म्हणून मत सत्य ठरत नाही. हे आम्हांस मान्य आहे. भुकेल्याच्या घासाला धर्मांतराची अट घालणे हा व्यापार होय, दया नव्हे, हेही मान्य. परंतु दुःखिताशेजारची जागा रिकामी कोणी ठेवली, हा प्रश्न त्याने सुटत नाही. कर्मसिद्धान्त आपल्या पूर्वजांनी सांगितला तो स्वतःचे आचरण तपासण्यासाठी. आपण मात्र तो दुसऱ्याच्या दारी जाऊन निकालपत्रासारखा वाचून दाखवितो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबून छाती पोखरलेल्या बाईला 'भोग आहेत' म्हणून सांगणे सोपे. तिच्या उशाशी रात्र काढणे कठीण.

बायबलात ईयोबाची कथा आहे. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाजवळ त्याचे मित्र सात दिवस मुकाट्याने बसले. पुढे ते त्याच्या पापाची मीमांसा करू लागले, आणि देवाने रागे भरले ते त्या मीमांसकांनाच. खुद्द येशूनेही क्रुसावर 'का?' असाच टाहो फोडला. त्याला वरून उत्तर आले नाही. ख्रिस्ती माणसाला दिलासा मिळतो तो येथे. आपला देवही या वेदनेतून गेला आहे, आपण एकटे नाही, एवढीच ती खूण.

ही खूण आपल्याला परकी आहे काय? जनीबरोबर जात्यावर बसणारा विठोबा तिला तिच्या कष्टांचे कारण सांगत नाही. तो खुंट्याला हात लावतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे गेलो असे सांगत, त्याचे मर्म हेच असावे.

आम्ही कोणास देव बदलावयास सांगत नाही. आपल्या देवळात घंटा आहे, नंदादीप आहे, प्रसाद आहे. परंतु कालच पोर गमावलेली आई सुतक धरून घरी बसली असता देवळातून तिच्याकडे कोण जातो? तेथे जाऊन काही न बोलता बसणारा एक मनुष्य आपण तयार केला, तर शेजाऱ्याच्या श्रद्धेपासून आपण काही शिकलो असे होईल.