कुणी पुसणारं

‘विचारपूस’ या शब्दातली ‘पूस’ कुठून आली, हे आपण सहसा कुणाला विचारत नाही. पुसणे म्हणजे विचारणे. ‘पत्ता पुसत पुसत आला’ असं गावाकडची म्हातारी माणसं अजूनही म्हणतात. आणि डोळे पुसणे, तेही पुसणेच. व्युत्पत्ती पाहिली तर हे दोन धातू वेगळे, संस्कृतातल्या दोन वेगळ्या मुळांतून आलेले. पण मराठीच्या तोंडी ते झिजत झिजत एकाच रूपाला येऊन मिळाले. विचारणं आणि डोळे पुसणं यांत फार अंतर नाही, हे भाषेने जणू नकळत मान्य करून टाकलं.

या शब्दाशेजारी ‘समुपदेशन’ हा घडवलेला शब्द ठेवला की त्याच्या पोटातला उपदेश खटकतो. कारण या विद्येचा पहिला धडाच मुळी उपदेश आवरण्याचा आहे.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात नेवाशाला पैसाचा खांब आहे. त्याला टेकून ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतेवरची टीका सांगितली, अशी श्रद्धा. मूळ गीता उघडून पाहावी. पहिल्या अध्यायात कृष्णाच्या वाट्याला अवघं एक वाक्य आहे. बाकी सारा विषाद अर्जुन बोलतो आणि सारथी ऐकतो. दुसऱ्याच्या आरंभी कृष्ण त्याला चार शब्द सुनावतो, पण त्याने अर्जुन उठत नाही. ‘मला कळेनासं झालंय, तूच सांग’ असं तो स्वतः म्हणतो, तेव्हाच खरा उपदेश सुरू होतो. पुढच्या अध्यायांचं वैभव मोठंच. पण त्याआधीचं ते ऐकून घेणं आपण घाईघाईने ओलांडतो.

हे ऐकणं शिकवता येतं का? अहिल्यानगरच्या सीएसआरडी संस्थेत समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मिळते. तिथे काय, किंवा समाजकार्याच्या इतर कुठल्या महाविद्यालयात काय, या दोन वर्षांच्या शिक्षणाचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य. वस्तीत, शाळेत, रुग्णालयात जायचं आणि आल्यावर ‘रेकॉर्डिंग’ लिहायचं: समोरचा काय म्हणाला, आपण काय म्हणालो. मग मार्गदर्शक शिक्षक त्यावर बोट ठेवतात. इथे बाई रडत होती, तेव्हा तू विषय का बदललास? बाईचं रडं आपल्यालाच सोसवलं नव्हतं, हे कागदावर उतरल्यावर कळतं. विद्यार्थी वैतागतात, पण त्या वहीत ते प्रथम स्वतःला भेटतात.

त्यानंतर प्रश्न परवान्याचा. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय पुनर्वास परिषद चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी करते. दोन वर्षांचं एम.फिल. ही तिथली बराच काळ रुळलेली वाट होती. साध्या समुपदेशकाला मात्र दीर्घकाळ असं दार नव्हतंच. एखादा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम करून कुणीही पाटी लावावी, अशी स्थिती. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ साली झालेल्या कायद्याने समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते यांनाही आपल्या अनुसूचीत जागा दिली. हे हवंच होतं. दुखावलेला माणूस अनोळखी व्यक्तीसमोर मन उघडतो, तेव्हा त्या व्यक्तीच्या चुकीचा जाब मागायला एखादी जागा असावी लागते. शिवाय खेड्यात गुपित राखणं ही साधी गोष्ट नाही. दवाखान्याच्या बाकावर कोण बसलं होतं, हे संध्याकाळपर्यंत पारावर कळलेलं असतं.

तरीही परवान्याचा विचार करताना मला आमच्याच जिल्ह्यातलं जामखेड आठवतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. बाळंतपण, कुपोषण, क्षय, कुष्ठरोग ही त्यांची कामं. पण बाळंतिणीच्या उशाशी बसलेल्या बाईच्या कानावर तेवढंच थोडं पडतं! त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ १९८८ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरांना झुंबराची उपमा दिली: देखणं, महागडं, हाताला न लागणारं. मग त्यांनी आपल्याजवळचे छोटे दिवे काढले. दिवा स्वस्त, घरोघर नेता येणारा, आणि एकावरून दुसरा लावता येणारा.

ही गोष्ट सांगून ‘पदवी हवी कशाला’ असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, आणि चूकही. या बायका अशिक्षित असतील, अप्रशिक्षित नव्हत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला जमत. गावात काय पाहिलं ते सांगत, चुकलं असेल तर तेही सांगत, नवं शिकून परत जात. एकदा शिक्का मारून त्यांना कुणी सोडून दिलं नव्हतं. आज नोंदणीकृत व्यावसायिकालाही नूतनीकरणासाठी पुढच्या शिक्षणाचे गुण दाखवावे लागतात, पण ते काही वर्षांनी एकदा. जामखेडच्या बाईचा हिशेब आठ दिवसांचा होता.

मनाचं काम करणाऱ्याला ही आठ दिवसांची मुदतच बरी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन आलेली तरुण कार्यकर्ती त्या रात्री काय घेऊन झोपते? तिची पदवी भिंतीवर असते, नोंदणी क्रमांक कपाटात असतो. सोमवारी जिच्याजवळ ‘मी तिथे गप्प बसायला हवं होतं, बोलून गेले’ असं म्हणता येईल अशी एखादी ताई तिला आहे का?

नोंदवहीत नावाशेजारी क्रमांक असतो. तिथेच आणखी एक रकाना असावा असं मला वाटतं: या माणसाला कोण पुसतं?