शिक्षकाच्या श्रमाचे माप

खेड्यातील शाळेचा शिक्षक बदलून गेला किंवा सेवानिवृत्त झाला, म्हणजे मागे राहिलेले लोक त्याच्या कामाचा हिशेब मांडू लागतात. पटावर मुले किती होती, वरच्या इयत्तेपर्यंत किती पोहोचली, नोकरीस किती लागली, असे विचारले जाते. आणि आमच्या मंडळ्यांत याला आणखी एका प्रश्नाची जोड मिळते, ती ही की, त्याच्या शाळेमुळे मंडळीत किती जण आले? हे प्रश्न अगदीच गैर आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु प्राथमिक शिक्षकाच्या श्रमाचे खरे माप यांतच आहे काय? नुसत्या तर्काने याचा निकाल लागणार नाही, म्हणून एका शिक्षिकेचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

मिस सिंथिया फरार यांचा जन्म १७९५ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतात झाला. १८२७ च्या अखेरीस, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्या मुंबईस आल्या. अविवाहित स्त्रीस शिक्षणकार्यासाठी समुद्रापार धाडणे ही गोष्ट त्या काळी अमेरिकन मिशनासही नवी होती. मुंबईत त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. प्रकृती ढासळल्यामुळे १८३७ साली त्यांस मायदेशी जावे लागले. परंतु १८३९ साली त्या पुन्हा आल्या व अहमदनगरास राहून तेच काम करू लागल्या. तेथेच १८६२ साली त्यांचा अंत झाला.

हे काम किती कठीण होते, याची कल्पना आज सहज येणार नाही. मुलगा अक्षरे शिकला तर कारकुनी मिळेल, निदान सावकाराचा कागद तरी वाचता येईल, इतके बापास कळत असे. मुलीच्या अक्षरांचा घरास काय उपयोग, हे त्यास कोण पटविणार? शिकलेल्या मुलीस वैधव्य येते, अशीही समजूत होती. शिवाय लग्ने बालपणीच होत. बाराखडी पुरी होते न होते तोच मुलीची शाळा सुटे. नुसत्या पटावरून न्याय केला असता, तर फरारबाईंची पुष्कळशी मेहनत पाण्यात गेली असेच कोणी म्हटले असते.

आता पुढे काय झाले ते पाहा. जोतीराव फुले यांनी नगरास जाऊन फरारबाईंची शाळा पाहिली, आणि पुढे आपल्या कार्याची हकीगत देताना तिचा उल्लेख केला. १८४८ साली त्यांनी पुण्यास बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. तेथे त्यांच्या पत्नी सावित्रीबाई शिकवू लागल्या. त्यांनी अध्यापनाचे धडे नगरास फरारबाईंजवळ व पुण्यास मिचेलबाईंजवळ घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. शाळेच्या वाटेवर लोकांनी त्यांच्या अंगावर शेण व दगड टाकिले, तरी त्यांनी शाळा सोडिली नाही.

फुले दांपत्याच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातील एक मुलगी होती. तिला उणेपुरे तीन वर्षांचे शिक्षण मिळाले होते. १८५५ साली १५ फेब्रुवारी व १ मार्च या दोन अंकांत ‘ज्ञानोदया’ने तिचा मांग व महार यांच्या दुःखाविषयीचा निबंध छापिला. वेद जर आमचे नाहीत तर आमचा धर्म तरी कोणता, असा तिने त्यात सवाल केला. आपल्या स्त्रियांस प्रसूतीच्या वेळी घरावर छप्परदेखील नसते, हे तिने जगापुढे मांडिले. आणि आपल्या लोकांनी विद्या शिकावी म्हणून त्यांस कळवळून विनविले.

वाचकहो, येथे थोडे थांबा. असा सवाल कोणत्या पुस्तकात होता? धडा म्हणून दाखविणे हे शिक्षकाचेच बोलणे मुलाच्या तोंडून परत ऐकणे होय. परंतु जो प्रश्न शिक्षकाने घातलाच नव्हता, तो जेव्हा मूल ताठ उभे राहून विचारते, तेव्हा शिक्षण झाले असे समजावे. आमच्या मते शिक्षकाच्या श्रमाचे खरे माप हे आहे. तीन वर्षांच्या शिक्षणातही ते भरते, आणि दहा वर्षांच्या शिक्षणातही कधी रिते राहते.

यावर आमच्यातील कोणी म्हणेल, ‘फुले दांपत्य ख्रिस्ती झाले नाही, मग मिशनाच्या शाळेस काय लाभले?’ हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही, कारण तो पुष्कळांच्या मनात असतो. परंतु आपल्या बांधावरील आंब्याचे फळ शेजाऱ्याच्या रानात पडले, म्हणून आंबा लावणाऱ्याचे श्रम फुकट गेले काय? फळ खाऊन कोणाचे तरी पोट भरलेच. पेरणारा निराळा व कापणारा निराळा, ही शुभवर्तमानातील शिकवण आपणांस ठाऊक आहे; मात्र कापणारा आपल्याच घरचा असावा, अशी अट तीत आपण पदरची घालतो. मोबदल्याची अट घालून दिलेली विद्या हे दान नव्हे, तो सौदा आहे.

दुसरा कोणी विचारील की, फळ दिसणारच नसेल तर आळशी शिक्षकास हे चांगलेच निमित्त सापडले! तसे नाही. हजेरी, पाठ व परीक्षा यांचा हिशेब शिक्षकाने चोख द्यावा. त्याने नांगरट केली की नाही हे त्यावरून कळते. पीक किती आले हे मात्र त्यावरून कळत नाही. नांगरटीचा जाब शिक्षकास विचारावा. पिकाचा निकाल घाईने देऊ नये.

म्हणून आमची विनंती आहे. आईबापांनो, मुलगी शाळेत एकच वर्ष राहणार असेल, तरी तिला पाठवा. मंडळीच्या वडीलजनांनो, शिक्षकाचा मान तो गावात असतानाच राखा; त्याच्या पश्चात केलेली स्तुती त्याच्या कानी पडत नाही. आणि शिक्षकहो व प्रचारकहो, एखादे मूल उभे राहून अडचणीचा प्रश्न विचारील, तेव्हा त्यास दटावून खाली बसवू नका. तुमच्या कित्येक वर्षांच्या श्रमाचे फळ कदाचित त्याच क्षणी तुमच्यापुढे उभे असेल.